मद्रासची पुळण

तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्या चेन्नईत ज्या स्थानकातून सुटतात त्याचे नाव ‘बीच’ असे आहे. परंतु त्या स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पूर्वेकडे कितीही दृष्टी ताणली तरी समुद्र म्हणून काही दिसत नाही, दिसते ती बंदराची लांबच लांब भिंत, भिंतीपलीकडच्या वखारींची छपरे आणि मालाच्या पेट्या उचलणाऱ्या प्रचंड याऱ्या. स्थानकासमोरून जाणाऱ्या राजाजी सालै या रस्त्याला इंग्रजी अमदानीत ‘फर्स्ट लाइन बीच’ म्हणत, आणि त्या नावात यत्किंचितही अतिशयोक्ती नव्हती. १८८४ साली बांधलेले टपालाचे मुख्य कार्यालय आणि त्याच्या आसपासच्या बँकांच्या व व्यापारी पेढ्यांच्या तांबड्या इमारती पूर्वेकडे तोंड करून उभ्या आहेत त्या समुद्राकडे पाहण्यासाठीच. आज जेथे मालगाड्यांचे रूळ पसरले आहेत तेथे आपल्या पणजोबांच्या काळी लाटा फुटत होत्या.

समुद्र हटवून जमीन करणे ही गोष्ट मुंबईकर मराठी माणसाला नवी नाही. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून एक शहर कसे उभे राहिले, १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत बॅकबेच्या भरणीसाठी निघालेल्या कंपनीचे समभाग कसे आकाशाला भिडले आणि १८६५ साली कसे कोसळले, पुढे गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या कारकीर्दीत तीच भरणी पुन्हा हाती घेतली गेली तेव्हा वीर नरिमन यांनी तिच्यातला अपव्यय कसा चव्हाट्यावर आणला, हा इतिहास आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतो. मुंबईत जमीन माणसाने केली. टोपल्या, वाघिणी आणि गाळ उपसणारी यंत्रे यांनी केली, आणि म्हणून तिचा जमाखर्चही माणसाच्या दफ्तरात सापडतो. मद्रासची गोष्ट निराळी आहे. तेथे बंदराच्या आतली काही जमीन माणसाने भरून काढली खरी. पण ज्या विस्तीर्ण वालुकामय भूमीमुळे ते शहर जगाला ठाऊक झाले ती मरीनाची पुळण माणसाने मागितलीही नव्हती आणि भरलीही नव्हती. माणसाने समुद्रात दोन दगडी भुजा घातल्या, आणि त्या अडथळ्याने चाळवलेल्या समुद्राने एका बाजूला देणे आणि दुसऱ्या बाजूला नेणे असा जो व्यवहार सुरू केला तो आजतागायत थांबलेला नाही. देण्याच्या बाजूचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. नेण्याच्या बाजूचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही, आणि दोन्ही मिळून एकच हकिकत आहे असे मला वाटते म्हणून हा लेखनप्रपंच.

चोळमंडलाच्या किनाऱ्याला निसर्गाने बंदर दिले नाही. कोकणपट्टीला पावलोपावली खाड्या आहेत, डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरून गलबतांना आडोसा देतात; मद्रासचा किनारा मात्र उत्तर-दक्षिण आखलेल्या सरळ रेषेसारखा, उघडा, वाळूचा. अशा ठिकाणी एखाद्या दर्यावर्दी राष्ट्राने वखार घालावी हेच मुळात नवल. परंतु १६३९ साली दामर्ला वेंकटाद्री नायकाकडून फ्रान्सिस डे याने कौल मिळविला आणि पुढच्या वर्षी फोर्ट सेंट जॉर्जच्या उभारणीस आरंभ झाला, तेव्हा बंदरापेक्षा स्वस्त आणि चांगले कापड हाच विचार प्रधान होता. किल्ला समुद्राच्या इतका निकट होता की पूर्वेकडच्या तटाखाली पाणी खेळे. १६७७ साली शिवछत्रपती कर्नाटकच्या स्वारीवर आले त्या वेळी याच तटाआडून इंग्रजांनी त्यांच्या हालचालींवर डोळा ठेवला होता. महाराजांनी त्यांच्याकडे काही औषधी द्रव्ये आणि विषावरचे उतारे मागविले आणि इंग्रजांनी ते सादर पाठविले, याची नोंद कंपनीच्या दफ्तरात आहे. त्याच साली महाराजांनी कालिकांबाळ देवीचे दर्शन घेतले अशी परंपरा असून तंबुचेट्टी रस्त्यावरच्या देवळात तशा अर्थाचा लेखही लावलेला आहे. देवीचे मूळ स्थान किल्ल्याच्या जागी किनाऱ्यालगत होते आणि किल्ल्यासाठी ते हलविले गेले असे सांगतात. मद्रासला जाणारा मराठी यात्रेकरू आज त्या देवळात आवर्जून जातो. तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर होता हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

जहाजे किनाऱ्यापासून मैल-दीड मैल आत नांगर टाकीत आणि तेथून माणूस व माल किनाऱ्याला आणणे हाच मद्रासच्या प्रवासातला सर्वांत भयंकर टप्पा असे. किनाऱ्याला समांतर अशा दोन-तीन फेसाळ लाटांच्या रांगा अहोरात्र फुटत असत, आणि युरोपातल्या पद्धतीची खिळ्यांनी जोडलेली ताठ होडी त्या लाटांत घातली तर वाळूवर आदळून तिचे तुकडे होत. तेथल्या कोळ्यांनी या संकटावर जी तोड काढली होती तिचे मला विलक्षण कौतुक वाटते. त्यांची ‘मसुला’ नावाची होडी एकाही खिळ्यावाचून, फळ्या काथ्याने शिवून केलेली असे. लाटेचा तडाखा बसला की ती मोडत नसे, वाकत असे, आणि वल्हेकरी विशिष्ट सुरात गात, लाटांची गती ओळखत, नेमक्या क्षणी ती पुळणीवर आणून टाकीत. तिच्याहून साधे कट्टुमरम, म्हणजे दोरीने एकत्र बांधलेले चार-पाच ओंडके, ज्यांवर पाय मुडपून बसलेला नावाडी अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर असे आणि तरीही जहाजावरची पत्रे आपल्या न भिजणाऱ्या टोपीत घालून सुखरूप किनाऱ्याला पोहोचवी. लाटसाहेब असो, सेनापती असो की नुकतीच विलायतेहून आलेली कोणी मडम असो, मद्रासच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवण्यासाठी प्रत्येकाला या कोळ्यांच्या कौशल्यावर जीव सोपवावा लागे. सुमारे सव्वादोनशे वर्षे एका साम्राज्याचा सारा व्यापार या शिवलेल्या होड्यांतून उतरला आणि चढला. ज्या जमातीच्या वस्त्या पुढे ‘किनाऱ्याचे सौंदर्य बिघडवितात’ म्हणून हटवू पाहिल्या गेल्या तिचा या शहरावरचा पहिला हक्क कोणत्या स्वरूपाचा आहे, हे ध्यानात राहावे म्हणून इतक्या विस्ताराने लिहिले.

बंदराचा विचार जुना आहे. वॉरन हेस्टिंग्ज बंगालचा सर्वाधिकारी होण्यापूर्वी मद्रासच्या वखारीत नोकरीला होता, त्या वेळी १७७० च्या सुमारास त्याने समुद्रात धक्का बांधण्याची सूचना केली होती. ती दफ्तरदाखल झाली. पुढे समुद्र ब्लॅक टाउनच्या पूर्वेकडील घरांना खाऊ लागला तेव्हा, १८२० नंतर, मद्रासच्या दोन प्रसिद्ध इंग्रजी देवालयांचा शिल्पकार द हॅव्हिलंड याने किनाऱ्यालगत दगडी बांध घातला. समुद्राशी करावयाच्या व्यवहारात मद्रासने उचललेले हे पहिले मोठे पाऊल बचावाचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८६१ साली स्क्रूच्या खांबांवर उभारलेला लोखंडी धक्का लाटांच्या रांगांपलीकडे नेण्यात आला. त्याच्या उघड्या खांबांमधून पाणी आणि वाळू दोन्ही निर्वेध वाहत, म्हणून त्याने किनाऱ्याचे काही बिघडविले नाही. पण वादळात जहाजे त्यावर आदळत आणि व्यापाऱ्यांचे समाधान होईना. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर आगबोटींची वर्दळ वाढली आणि होडीतून माल उतरविण्याची पद्धत आता लाजिरवाणी वाटू लागली.

मग विल्यम पार्क्स या अभियंत्याची योजना मान्य झाली. जुना धक्का मध्ये धरून, एकमेकांपासून सुमारे तीन हजार फुटांच्या अंतरावर, किनाऱ्यापासून थेट समुद्रात दोन दगडी भुजा न्यावयाच्या, पुढे त्या आत वळवून परस्परांजवळ आणावयाच्या आणि पूर्वेकडे प्रवेशद्वार ठेवावयाचे, असा तो आराखडा होता. डिसेंबर १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली. लगोलग मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. एकीकडे समुद्रात काँक्रीटचे सत्तावीस-सत्तावीस टनांचे ठोकळे उतरत होते आणि दुसरीकडे शहरातून कूवम् व अड्यार या नद्यांना जोडणारा कालवा दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हातून खणला जात होता, ज्याला तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव मिळाले. बंदर पुरे होत आले असताना नोव्हेंबर १८८१ मध्ये चक्रीवादळ झाले आणि त्याने बाहेरच्या भुजांची धूळधाण उडविली. पुन्हा समित्या बसल्या, पुन्हा वादविवाद झाले, आणि १८९६ च्या सुमारास ते काम एकदाचे संपले.

परंतु वादळाने जे केले ते सर्वांना दिसले, आणि वाळू जे करीत होती ते थोड्यांनाच दिसत होते. या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दीर्घ काळात लाटा दक्षिणेच्या अंगाने तिरप्या येतात आणि पुळणीवरची वाळू उत्तरेकडे ढकलतात. ईशान्य मोसमाच्या थोड्या महिन्यांत ती उलट दक्षिणेकडे सरकते. वर्षाचा हिशेब केला तर शिल्लक उत्तरेच्या बाजूला पडते, आणि ती शिल्लक अभियंत्यांच्या अंदाजाने वर्षाला सुमारे दहा लक्ष टन भरते. म्हणजे ज्याला आपण स्थिर किनारा समजतो तो वस्तुतः वाळूची एक संथ, अखंड वाहणारी नदीच असते. ओढ्यात आडवे झाड पडले की वरच्या अंगाला गाळ धरतो आणि खालच्या अंगाला काठ ढासळतो, तसेच येथे झाले: दक्षिणेकडच्या भुजेला वाळू अडली, साचली, आणि किनारा समुद्रात पुढे सरकू लागला, उत्तरेकडे लाटा पूर्वीइतक्याच वाळू उचलून नेत राहिल्या, पण तिची भरपाई करणारी दक्षिणेची वाळू येईनाशी झाली, म्हणून तेथे समुद्र जमिनीत शिरू लागला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच कारणाने सुरू झाल्या.

हे गणित ज्याने अत्यंत चिकाटीने मांडले त्या सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचे नाव मद्रासकरांनी अधिक कृतज्ञतेने घ्यावयास हवे. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे आणि नद्यांवरील पुलांचे अभियंते. नदीला बांध घालून पुलाखालून सरळ कशी न्यावी यावरचा त्यांचा १९०३ सालचा ग्रंथ त्या विषयात प्रमाण मानला गेला. १९०४ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष झाले, आणि नदीचा गाळ ओळखणारी त्यांची नजर समुद्राच्या वाळूकडे वळली. पूर्वेकडचे प्रवेशद्वार वाळूने आणि लाटांनी निकामी होत चालले होते. ते त्यांनी बंद करविले, ईशान्येकडे नवे द्वार काढले आणि त्याला आडोसा म्हणून बाहेरची भुजा उत्तरेकडे लांबविली. मद्रासच्या किनाऱ्यावरील वाळूच्या संचाराविषयी त्यांनी लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध मांडला तो याच सुमारास. त्याच कचेरीत, त्यांच्याच हाताखाली, १ मार्च १९१२ पासून तीस रुपये दरमहा पगारावर हिशेबखात्यात एक कारकून कामाला होता, ज्याने जानेवारी १९१३ मध्ये तेथून केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डींना पत्र लिहिले. श्रीनिवास रामानुजन यांच्या गुणांची पारख करून त्यांना विद्यापीठाची वाट मोकळी करून देणाऱ्यांत स्प्रिंगसाहेब आणि त्यांचे सहकारी नारायण अय्यर हे अग्रभागी होते. एका साध्या बंदर-कचेरीला असे दिवस लाभावेत ही त्या शहराची पुण्याईच म्हटली पाहिजे.

आता देण्याच्या बाजूकडे वळू. बंदरापूर्वी किल्ल्याच्या दक्षिणेला, चेपॉकच्या नबाबाच्या महालापुढे, चिखलाचा आणि वाळूचा एक अरुंद पट्टा तेवढा होता आणि समुद्र आजच्या रस्त्याच्या निकट येत असे. १८८१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हे गव्हर्नर म्हणून आले. यांचे नाव उच्चारले की मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल, आणि ते तसे आहेही: मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या, साताऱ्याच्या रेसिडेंट ग्रँट डफचे हे चिरंजीव, आणि पित्याने आपल्या स्नेह्याचे, म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव त्यांना ठेवले होते. त्यांना हा वाढता किनारा फार आवडला. १८८४-८५ मध्ये त्यांनी त्यावर फेरफटक्याचा प्रशस्त मार्ग करविला आणि सिसिली बेटातल्या आठवणींवरून त्याला ‘मरीना’ हे नाव दिले. प्रेसिडेन्सी कॉलेज आणि वास्तुशिल्पी चिझमचे सेनेट हाउस आधीच उभे होते; आता त्यांच्यापुढे दरसाल रुंदावणारे अंगण तयार होऊ लागले. याच ओळीत १८४२ साली अमेरिकेहून येणाऱ्या बर्फासाठी फ्रेडरिक ट्यूडरच्या कंपनीने बांधलेली गोल ‘आइस हाउस’ची इमारत आहे, जेथे १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद उतरले होते. बोस्टनहून निघालेला बर्फ होडीतून उतरला की उन्हात वितळण्यापूर्वी कोठारात जावा म्हणून ती वास्तू पाण्याजवळ बांधलेली होती. आज तिच्या पायऱ्यांवरून समुद्र गाठावयाचा तर रुंद वाळू तुडवीत जावे लागते. मरीनाची सरासरी रुंदी आज तीनशे मीटरच्या घरात आहे.

ही नवी भूमी कोणाची, हा प्रश्न कायद्याने एका वाक्यात सोडविला असता: सरकारची. परंतु इतिहासाने तो निराळ्या रीतीने सोडविला. तिरुवल्लिक्केणीसमोरच्या या वाळूवर कोणाचे कुंपण नव्हते, भाडे नव्हते, दरवाजा नव्हता. म्हणून ज्यांना सभागृह मिळत नसे अशांचे ते सभागृह झाले. १९०७ मध्ये बिपिनचंद्र पाल यांनी येथे स्वदेशी आणि स्वराज्य यांवर व्याख्याने दिली, आणि ती घडवून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला ते कवी सुब्रह्मण्य भारती त्याच वर्षी चिदंबरम् पिळ्ळै यांच्यासह सुरतेच्या काँग्रेसला जाऊन लोकमान्यांच्या पक्षात उभे राहिले. या पुळणीच्या एका भागाला ‘टिळक घाट’ असे नाव पडले. पुण्याहून इतक्या दूर, ज्या भाषेचे अक्षरही लोकमान्यांना वाचता येत नव्हते त्या भाषेच्या लोकांनी, आपल्या सभास्थानाला त्यांचे नाव द्यावे, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे याचा मला खेद होतो. आणि ज्या वाळूवर त्या सभा भरल्या ती वाळू त्या वेळी जेमतेम तीस वर्षांची होती! रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींची सभा १९१९ च्या मार्चमध्ये याच किनाऱ्यावर झाली. १ मे १९२३ रोजी कामगारदिन हिंदुस्थानात प्रथम साजरा झाला तोही येथेच, आणि तो साजरा करणारे सिंगारवेलर हे स्वतः याच किनाऱ्यावरच्या कोळी घराण्यात जन्मले होते. देवीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमिकांचे शिल्प १९५९ पासून तेथे उभे आहे. त्यानंतर अण्णादुराई, रामचंद्रन, जयललिता आणि करुणानिधी यांच्या समाध्या बंदराच्या बाजूच्या वाळूवर एकामागून एक झाल्या. १९६७ नंतरचे तमिळ राजकारण ज्या भूमीला वंदन करते ती भूमी बंदराच्या दक्षिण भुजेची निर्मिती आहे. जानेवारी २०१७ मध्ये जल्लिकट्टूसाठी लाखो तरुण जमले ते याच वाळूवर.

या पुळणीचे मूळ रहिवासी मात्र कोळीच. नोच्चिकुप्पम्, नडुकुप्पम्, अयोध्याकुप्पम् या त्यांच्या वस्त्या किनाऱ्यालगत आहेत. कट्टुमरम वाळूवर ओढणे, जाळी वाळविणे आणि मासळी विकणे यांसाठी त्यांना हीच जमीन लागते. किनारा सुशोभित करावयाचा म्हणून १९८५ मध्ये सरकारने त्यांच्या होड्या आणि जाळी हलविण्याचा घाट घातला, त्यातून प्रतिकार झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. २००३ च्या सुमारास मलेशियाच्या साहाय्याने मरीनाचा कायापालट करण्याची योजना निघाली आणि विरोधामुळे बारगळली. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीची लाट आली, आणि चेन्नईत जी दोनशेच्या वर माणसे दगावली त्यांत या वस्त्यांचा वाटा मोठा होता. त्यानंतर ‘सुरक्षितते’च्या नावाने त्यांना दूर नेण्याच्या सूचना पुन्हा डोके वर काढू लागल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये लूप रोडवरच्या मासळीविक्रेत्यांना उठविण्यात आले तेव्हा कोळ्यांनी रस्त्यावर होड्या आडव्या घालून निषेध केला. पुढच्या वर्षी तेथे बाजाराची इमारत झाली. १९९१ च्या किनारा-नियमन अधिसूचनेने या जमातींच्या परंपरागत वहिवाटीला काही संरक्षण दिले, आणि ते नसते तर या पुळणीवर आज काय उभे असते याची कल्पना करण्यास मुंबईच्या नरिमन पॉइंटकडे एक दृष्टिक्षेप पुरेसा आहे. माझे मत स्पष्ट आहे: जी जमीन कोणीही पैसे देऊन निर्माण केलेली नाही ती विकासाच्या नावाने कोणालाही भाड्याने देण्याचा नैतिक अधिकार सरकारला पोहोचत नाही, आणि तिच्यावर उपजीविका करणाऱ्याचा हक्क तिच्यावर हवा खाण्यास येणाऱ्याच्या हक्काआधी येतो.

नेण्याच्या बाजूला गेल्यावर भूगोलच बदलतो. बंदराच्या उत्तरेला रायपुरम्. दक्षिण हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी १८५६ च्या जुलैत येथूनच आर्काटच्या दिशेने निघाली, आणि तेव्हाचे ते स्थानक आपल्या स्तंभांसह अजून उभे आहे. या भागाला एके काळी स्वतःची पुळण होती. बंदर बांधल्यापासून ती झिजू लागली; १९७० नंतर तेलवाहू जहाजांसाठी बाहेरची गोदी झाली, बांध आणखी उत्तरेकडे सरकले आणि झिजेचे क्षेत्रही त्यांच्याबरोबर उत्तरेकडे सरकले. रायपुरम्, काशिमेडू, तोंडियारपेट, तिरुवोट्रियूर अशा क्रमाने कोळीवाड्यांच्या ओळीच्या ओळी समुद्राने घेतल्या. देवळे गेली, घरे गेली, एन्नोरकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता वारंवार खचला. त्यावर उपाय म्हणून दगड टाकले गेले. दगडांचा बांध त्याच्यामागच्या जमिनीचे रक्षण करतो, पण त्याच्यापुढची उरलीसुरली वाळू लाटा अधिकच जोराने ओरबाडून नेतात आणि बांध संपतो तेथून पुढे झीज वाढते; म्हणून बांध लांबवावा लागतो, आणि झीज त्याच्या पुढे चालत राहते. पुढे आडवे दगडी बांध समुद्रात काढण्यात आले, त्यांच्या कुशीत थोडी वाळू धरली आणि काही ठिकाणी होडी ओढण्यापुरती जागा परत मिळाली. पण ज्याने मरीना पाहिली आहे त्याने तिरुवोट्रियूरच्या काळ्या दगडांच्या राशीवर उभे राहून पाहावे. दहा मैलांच्या आत एकाच समुद्राची दोन रूपे दिसतात, आणि दक्षिणेकडे शहराची विद्यापीठे व समाध्या तर उत्तरेकडे गोद्या, तेलाच्या टाक्या, कारखाने आणि मजुरांच्या चाळी अशी जी विभागणी झाली तिच्यात वाळूचाही हात आहे हे ध्यानात येते.

लाभाच्या बाजूलाही एक तोटा दडलेला आहे, तो जाता जाता सांगतो. बंदराच्या लगत दक्षिणेला नेपियर पुलाखालून कूवम् नदी समुद्राला मिळते. अडलेली वाळू तिचे मुख वारंवार बुजविते, भरतीचे पाणी आत येत नाही, मैला बाहेर जात नाही, आणि नदीच्या दुर्गंधीबद्दल शहर जो त्रागा करते त्याचे एक कारण त्याच वाळूत आहे जिच्यावर ते संध्याकाळी फिरावयास जाते.

उत्तरेला एन्नोर येथे २००१ मध्ये नवे बंदर सुरू झाले, त्यापलीकडे कट्टुपळ्ळी येथे आणखी एक झाले. प्रत्येकाने आपापल्या भुजा समुद्रात घातल्या आणि प्रत्येकाच्या उत्तरेला तीच झीज आरंभली, जिची वाट पळवेरकाडच्या सरोवराकडे जाते. स्प्रिंगसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेले गणित या बंदरांच्या आराखड्यांत नसेल असे नाही. पण त्याची किंमत बंदराच्या अंदाजपत्रकात धरली जात नाही, ती कोळीवाड्याच्या वाट्याला जाते. वास्तविक उपाय अज्ञात नाही. दक्षिणेला साचलेली वाळू यंत्राने उचलून उत्तरेला सोडणे, म्हणजे बंदराने अडविलेले देणे बंदरानेच पोहोचते करणे, हा तो उपाय असून विशाखापट्टणम् येथे बंदराचा उपसा किनाऱ्यावर टाकण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालत आली आहे. पुदुच्चेरीलाही १९८० नंतरच्या दशकात बांधलेल्या बंदराच्या भुजांनी शहरापुढची पुळण नाहीशी केली होती आणि फ्रेंच अमदानीतला तो सुंदर किनारपथ दगडांच्या ढिगामागे गेला होता. तेथे चेन्नईतच मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली कृत्रिम अडथळा उभारला, २०१८ च्या सुमारास ते काम पुरे झाले, आणि एका पिढीने न पाहिलेली वाळू शहरापुढे पुन्हा दिसू लागली. त्याच संस्थेपासून रायपुरम् काही मैलांवर आहे, आणि बंदराच्या दक्षिण भुजेला टेकून पडलेली वाळू तर रायपुरमहून पायी जाता येईल इतकी जवळ.